आठवीच्या वर्गात साम्राज्यवाद शिकवायला राजकीय पोस्टरं वापरावीत का?

तुम्ही विचारलंय की जुनी राजकीय पोस्टरं दाखवून साम्राज्यवाद शिकवला तर आठवीच्या पोरांना खरंच काही कळतं का, की तास नुसता टाइमपासमध्ये जातो. मी परळला एका शाळेत बारा वर्षं इतिहास शिकवतेय. कळतं, पण पहिल्या वर्षी माझा पार पोपट झाला होता तो आधी ऐका.

ब्रिटिश सरकारने 1926 ला एम्पायर मार्केटिंग बोर्ड काढलं होतं, 1933 ला गुंडाळलं. काम एवढंच की तिकडच्या लोकांनी साम्राज्यातला माल घ्यावा म्हणून जाहिरात करायची. त्यांचं चहाच्या मळ्यातलं पोस्टर मी प्रोजेक्टरवर लावलं, बायका पानं खुडतायत, रंग एकदम मस्त. म्हटलं आता पोरं चिडणार, प्रश्न विचारणार. कसलं काय, मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, इथे ट्रिप काढूया ना!" आणि त्या पोराचं काय चुकलं सांगा, ते पोस्टर बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणूनच तर बनवलेलं, लहान आकारात छापून तिकडच्या शाळांनाही पाठवायचे, आणि इतक्या वर्षांनी ते परळमध्येही बरोब्बर लागू पडलं. चूक माझी, मी एकटंच चित्र लावून मोकळी झाले.

आता मी जोडी लावते. त्याच बोर्डाची चहावर दोन पोस्टरं आहेत, एक खुडण्याचं आणि एक पिण्याचं. दोन्ही शेजारी शेजारी लावायची आणि विचारायचं की या चित्रातून त्या चित्रात पोचेपर्यंत चहाचे पैसे कोणाकोणाच्या खिशात गेले? मग मळा कोणाचा, जहाज कोणाचं, दुकान कोणाचं असं करत पोरं स्वतःच बोलतात आणि मला वीसेक मिनिटं गप्प बसता येतं, जे माझ्यासाठी सोपं नाही. याच बोर्डाने 1927 ला राजाच्या ख्रिसमस पुडिंगची रेसिपीही वाटली होती, लवंग झांजीबारची, दालचिनी सिलोनची, रम जमैकाची, मनुका ऑस्ट्रेलियाच्या. आपण त्यात कुठे, तर मसाल्यापुरते. हे वाचून दाखवलं की नकाशा काढायला लावायची गरजच नाही, पोरं आपणहून ॲटलास उघडतात.

पण एवढ्यावर थांबलात तर सगळी गोष्ट राज्य करणाऱ्यांच्याच तोंडून सांगून होते. म्हणून दुसऱ्या बाजूचं काहीतरी हवंच आणि ते शक्यतो जवळचं हवं. माझं आवडतं म्हणजे जुलै 1921 ची बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्रातली जाहिरात. म्हणजे तसं हे पोस्टर नाही, चित्रबित्र काही नाही, नुसती अक्षरं. रविवारी 31 जुलैला एल्फिन्स्टन मिलजवळच्या मैदानात विदेशी कपड्यांची होळी आहे, खादी घालून या. दुसऱ्या दिवशी टिळकांची पहिली पुण्यतिथी, ते मुंबईतच सरदारगृहात वारले होते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्याच भागात राहतात, स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालेलं त्यांना माहितेय, पण तिथे गांधींनी कापड पेटवलं होतं हे घरी कोणी सांगितलेलं नसतं. मग एकीने विचारलं की मिलच्या दारात कापड जाळलं तर मिलवाल्यांना वाईट वाटलं असेल की बरं? असला प्रश्न मला बीएडला पण कोणी विचारला नव्हता. जळत होतं ते बाहेरचं कापड, आणि इथल्या मिलना त्याचा फायदाच होता, तर मालक आणि कामगार यांना सारखाच का, हे त्यावरून काढता येतं.

चित्रच हवं असेल तर चित्रकार चित्तप्रसाद बघा. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून त्यांनी उपाशी माणसं रेखाटली, त्याचं पुस्तक निघालं तर सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. नंतर ते मुंबईत आले, अंधेरीत बरीच वर्षं राहिले. चहाच्या रंगीत पोस्टरनंतर ही काळी पांढरी चित्रं लावली की वर्ग शांत होतो. पण जपून, मी एकदा आधी काही न सांगता दाखवलं आणि एक मुलगी रडायला लागली. तीस लाखांच्या आसपास माणसं गेली त्यात, त्यामुळे आधी थोडी कल्पना द्या.

क्यूबाची पोस्टरंही चालतात, 1966 ला हवानात स्थापन झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघटनेची, तिच्या मासिकात घडी घालून चार भाषांत जगभर जायची. चे गेव्हारा दिसला की पोरं "टीशर्टवाला!" म्हणून ओरडणार हे धरून चाला. आणि हो, याचेही पैसे कोणी दिले ते विचाराच, तिथेही मागे सरकार होतंच, आपल्याला आवडतंय म्हणून सूट नाही. स्टाफरूममध्ये कोणी वर्गात राजकारण नको म्हणालं तर हाच प्रश्न दाखवा, बहुतेक गप्प होतात.

प्रिंट काढणार असाल तर लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकून मागच्यांना काही दिसत नाही. आणि मॅकडोनल्ड गिलने एम्पायर मार्केटिंग बोर्डासाठी बनवलेला 1927 चा जहाजांच्या वाटांचा नकाशा काढलात तर झेरॉक्सवाल्याला रंगीतच सांगा, पंधरावीस रुपये जास्त गेले तरी चालतील. त्यात साम्राज्य लाल रंगात आहे. मी पहिल्यांदा पैसे वाचवायला ब्लॅक अँड व्हाइट काढला आणि अख्खं साम्राज्य राखाडी होऊन समुद्रात मिसळलं.