भूमितीच्या शाब्दिक उदाहरणात वर्गसमीकरण मांडायचं कसं, आणि दोन उत्तरांतलं कुठलं धरायचं?

तुम्ही लिहिलंय की सूत्र पाठ आहे, समीकरण दिलं तर सुटतं, पण बाग-रस्ता-कुंपण आलं की मांडताच येत नाही. आणि उत्तरं दोन आली की ‘ऋण ते टाकायचं’ एवढंच ठाऊक आहे. मी घरी दहावीच्या शिकवण्या घेते. मुलं अडतात ती बहुतेक वेळा आकृतीपाशीच.

हे उदाहरण बघा. प्लॉट २० मीटर लांब, १५ मीटर रुंद. आतून कुंपणालगत चारही बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता सोडला, मधे १५० चौरस मीटर बाग उरली. रस्ता किती रुंद?

माझ्या भाचीने रुंदी क्ष मानली आणि धडाधड लिहिलं: (२० − क्ष)(१५ − क्ष) = १५०. म्हणजे क्ष² − ३५क्ष + १५० = ०. अवयवही झकास पडले, मुळं ३० आणि ५. तीस मीटरचा रस्ता शक्य नाही, म्हणून उत्तर ५. ताळा केला तर १५ × १० = १५०, तोही जुळला! मग चूक सापडणार कुठून? शेवटी तिला आकृती काढायला लावली आणि लांबीच्या दिशेने बोट फिरवायला सांगितलं. आधी रस्ता, मग बाग, मग... ‘अय्या, परत रस्ता!’ तिचे ५ मीटर म्हणजे दोन्हीकडचा रस्ता मिळून होते.

आता नीट मांडू: (२० − २क्ष)(१५ − २क्ष) = १५०. कंस सोडवून दोनाने भागलं की २क्ष² − ३५क्ष + ७५ = ०. विवेचक (सूत्रात वर्गमुळाच्या चिन्हाखाली येते ती संख्या) १२२५ − ६०० = ६२५, त्याचं वर्गमूळ २५. क्ष = १५ किंवा २.५.

दोन्ही धन! इथे ‘ऋण टाका’ कामाला येत नाही. क्ष = १५ घालून बघा: (−१०) × (−१५) = १५०. दोन ऋण संख्या गुणल्या, उत्तर धन आलं, समीकरण खूश. पण बागेची लांबी उणे दहा मीटर कशी असेल? म्हणून मी मांडतानाच समासात लिहायला लावते: क्ष > ० आणि २क्ष < १५. मूळ का टाकलं, हे एका ओळीत लिहायचंच.

कधी दोन्ही मुळं चालतात. आयताची परिमिती ३४ सेमी, कर्ण १३ सेमी. एक बाजू क्ष, तर दुसरी १७ − क्ष. पायथागोरसने क्ष² − १७क्ष + ६० = ० येतं; क्ष = १२ किंवा ५. आयत एकच, फक्त आडवा की उभा. इथे उगाच एक मूळ खोडू नका.

आणि वर्ग दिसला म्हणजे वर्गसमीकरणच, असंही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ९ हात उंच खांबावर मोर आहे, पायथ्याशी सापाचं बीळ, आणि २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरपा झेपावतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर? ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². दोन्हीकडचा क्ष² उडतो, उरतं ५४क्ष = ६४८, उत्तर १२. इथे सवयीने सूत्र लावायला बसलात तर छेदात शून्य येईल.