त्याच्या फोनबद्दल आणि तुमच्याबद्दल

प्रिय पोरी,

'घाण विषय काढतेय' म्हणून माफी कशाला मागतेस? लैंगिक शिक्षणासाठी झटलेल्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला वाचक असलेच प्रश्न पाठवत. त्यांना उत्तरं छापली म्हणून १९३४ साली खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तू खुशाल विचार.

नवऱ्याच्या फोनमध्ये पोर्न सापडलं, ते तू सविस्तर लिहिलंस. तुमच्या दोघांत सध्या कसं आहे, यावर मात्र एकच ओळ: तो रात्री पाठ फिरवून झोपतो. मला ती ओळ जास्त महत्त्वाची वाटते.

'माझ्यात काही कमी आहे का?' नाही गं. ही सवय बहुधा लग्नाच्या कितीतरी आधी लागलेली असते. तुझ्या रूपाशी, वजनाशी तिचा संबंध जोडू नकोस. त्याला 'व्यसनी' ठरवायचीही घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत पोर्नच्या व्यसनाची वेगळी नोंद नाही. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचा विकार आहे, पण त्यात साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटून काम, तब्येत, नाती बिघडलेली किंवा खूप मानसिक त्रास होत असावा लागतो. नुसती अपराधी टोचणी त्यात धरत नाहीत.

तरी तुझं दुखणं खरंच आहे. तो बघतो यापेक्षा लपवतो आणि रात्री पाठ फिरवून झोपतो, हे तुला लागलंय. स्क्रीनवर कुणी दमलेलं नसतं, कुणी रुसत नाही, 'तुला काय आवडतं' हे विचारावं लागत नाही. बायकोजवळ यायचं तर हे सगळं आलं, शिवाय 'जमेल ना?' ही धास्ती. काहीजण त्या धास्तीनेच स्क्रीनकडे वळतात. काहींचं उलट होतं, स्क्रीनच्या सवयीने जवळीक आटते. तुमच्यात काय झालंय ते तोच सांगू शकेल.

म्हणून बोल. पलंगावर नको, भांडण झाल्यावर तर नकोच. फिरायला जाल तेव्हा. 'काय बघतोस?'ने सुरुवात करू नकोस. 'आपण जवळ येत नाही, मला एकटं वाटतं' इथून कर. पासवर्ड मागू नकोस, पहारा ठेवू नकोस. सासूबाईंना किंवा आईला इतक्यात सांगूही नकोस. तुमचं मिटेल, त्यांच्या मनातून ते जाणार नाही.

स्क्रीनवरचं काही तू करावंस, असा हट्ट त्याने धरला तर मात्र 'नाही' म्हण. कारण द्यायची गरज नाही. तिथे मी त्याची बाजू घेणार नाही.

बोलून गाठ सुटली नाही, तर लैंगिक समस्यांवर काम करणारा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुठून सुरुवात करायची कळेना, तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो यायला तयार नसेल तर तू एकटी जा, तेही चालतं.

तुझी,
मावशी