ब्याण्णव म्हणजे निम्मं

मागच्या अंकात जुन्या ऑनलाईन खेळांबद्दल लिहिताना रुनस्केपचं नाव सहज काढलं होतं. वाटलं, आपल्याकडं हा कुणाला आठवतोय. तर टपाल पेटीत मावेना. तीन पत्रं छापतोय. नावं ज्यांची त्यांच्याच सांगण्यावरून गाळलीत.

प्रश्न : दादा, मी वसमतचा, वय ३४. मोंढ्यात हळदीच्या आडतीवर हिशेबाला असतो. २००८ साली नांदेडला शिकायला होतो तेव्हा रुनस्केप लागला. मग सुटला, परत लागला, असं चार वेळा झालं. आता मोबाईलवर ओल्ड स्कूल, म्हणजे त्याच खेळाची जुनी प्रत, खेळतो. मासेमारी ९१वर आहे. रात्री दहाला लेकरं झोपली की शार्क धरत बसतो. धरलेले विकतो, त्या पैशातून मेंबरशिपचा बाँड घेतो, म्हणजे खिशातून काही जात नाही. पण खरं सांगू का, मजा येत नाही. आणि बंद करावं म्हटलं की जीव लागत नाही. मागच्या महिन्यात चिडून गेम काढून टाकला, तिसऱ्या दिवशी परत घेतला. बायकोला वाटतं मी बाजारभाव बघायलोय. मला हा खेळ आवडतो का नाही, हेच कळंना गेलंय. खेळ बिघडलाय का मी?

उत्तर : आधी तुमच्या ९१चा हिशेब करू, तुम्ही हिशेबातलेच आहात. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, या खेळात लढाई आहे, ड्रॅगन आहेत, पण खरा संसार कामाधंद्याचा. लाकूड तोडणं, खाण खोदणं, मासे धरणं, रांधणं. प्रत्येक कामाची पातळी १ पासून ९९ पर्यंत. ९९ गाठायला लागतात १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण. आणि ९२ गाठायला ६५ लाख १७ हजार २५३. म्हणजे ९२ला पोचलेला गडी निम्म्या वाटेवर असतो. तुम्ही अजून निम्म्यालाही टेकला नाहीत. एका शार्कला ११० गुण. ९१ नुकतंच लागलं असं धरलं तरी ६४ हजार ८००च्या वर शार्क शिल्लक आहेत. मी वहीवर दोनदा करून बघितलं.

हा जिना ज्यांनी बांधला ते अँड्र्यू आणि पॉल गावर, इंग्लंडातले भाऊ-भाऊ. खेळ उघडला जानेवारी २००१ला. आमच्यापर्यंत यायला सहा वर्षं लागली.

मी तेव्हा परभणीला डिप्लोमाला होतो. स्टेशनच्या रस्त्याला एक कॅफे होता, सहा मशीन, तासाला वीस रुपये, आणि पडदे असे की आत बारा महिने संध्याकाळ. त्या मशीनवर दुसरा कुठलाच मोठा गेम उघडत नव्हता. रुनस्केप ब्राउझरमध्येच चालायचा, जावा असलं की झालं. नेट टेलिफोनच्या तारेवरचं, तरी अडायचं नाही. कारण पुढं कळलं. या खेळाची नाडी ०.६ सेकंदाला एकदा पडते. तुमचा क्लिक जरा दमानं पोचला तरी पुढच्या ठोक्यात बसतो. बाकीच्या गेमात परभणीचा माणूस बंदूक उचलेपर्यंत मरायचा. इथं लंडनचा आणि परभणीचा, दोघंही एकाच चालीनं झाड तोडायचे.

लोडशेडिंग तर होतंच. लाईट गेली की यूपीएस टीं टीं करायचा आणि मालक काउंटरवरून ओरडायचा, "पोरांनो, बँकेत जावा!" म्हणजे खेळातल्या बँकेत जा, सामान ठेवा, नीट बाहेर पडा. लढता लढता मशीन बंद पडलं तर बाहुला तिथंच मार खात राहतो. एकदा एक गुरुजी अर्जाची प्रिंट काढायला आले होते. रात्रीचे आठ वाजलेले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "आत्ता कुठली बँक उघडी आहे रे?"

आमच्यात एक अर्धापूरचा होता. घरी केळीची बाग. लॉबस्टर धरायला करामजा बेटावर जावं लागायचं, बोटीचं भाडं ३० जीपी, म्हणजे खेळातली सोन्याची नाणी. परत यायला तेवढेही नसले तर बेटावर लुथास नावाचा एक केळीवाला. त्याच्या पेटीत दहा केळी भरायची, तो ३० जीपी हातावर ठेवायचा. या गड्याला बापानं घड उचलायला गावाकडं बोलावलं की पोटात दुखायचं. इथं तासाला वीस रुपये देऊन परक्याची केळी भरायचा, आणि वर म्हणायचा, "लुथास टायमावर पैसे देतो."

याच खेळात मी लुबाडलोही गेलोय. चार महिने खपून रुनचं पूर्ण चिलखत केलं होतं. एक अनोळखी आला, म्हणाला, सोनेरी किनार लावून देतो, फुकट. मी ट्रेडच्या खिडकीत सगळं काढून ठेवलं. त्यानं घेतलं आणि डोळ्यांदेखत गायब झाला. मला घास उतरंना. अर्धापूरचा शेजारच्याच खुर्चीवर होता. काही बोलला नाही. थोड्या वेळानं माझ्या पडद्यावर त्याचा ट्रेड आला, त्यात त्याचं स्वतःचं चिलखत. मी त्याच्याकडं बघितलं तर तो पडद्याकडंच बघत म्हणाला, "दाब की अॅक्सेप्ट, मिनिटं चाललीत."

आता तुमचं. या खेळाच्या दुकानात माल एकच, कंटाळा. तो आम्ही सहा जणांत वाटून खायचो, म्हणून गोड लागायचा. तुम्ही तोच अंधारात, आवाज बंद करून, एकटे खाताय. खेळात नवं पुष्कळ आलं, पण शार्क धरायची रीत तेव्हाही हीच होती.

आणि त्या बाँडचं मला पटलं नाही. खिशातून काही जात नाही म्हणता, पण बघा तरी काय चाललंय. बाँड दिला की चौदा दिवसांची मेंबरशिप. चौदा दिवस शार्क धरायचे, ते विकून पुढचा बाँड, पुन्हा चौदा दिवस. हे सालानं राहिल्यासारखं झालं. मी उचल आणि कोयता असंही लिहिणार होतो, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली माणसंही हे सदर वाचतात, त्यांच्या कष्टाला ही उपमा शोभायची नाही.

मी तुमच्या जागी असतो तर हातातला बाँड संपू दिला असता. मेंबरशिप सरली की शार्कही बंद. मग फुकटच्या भागात करामजाला जाऊन लॉबस्टर धरा, मोठ्या लेकराला शेजारी घेऊन, रात्री दहाला नव्हे तर संध्याकाळी. त्याला केळी भरू द्या. ते दोन दिवसांत कंटाळलं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं, आणि नाही कंटाळलं तर दुसरं पत्र लिहा. बायकोला मात्र खरं सांगून टाका. हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, रात्री दहाला निघत नाही हे वसमतच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तिला कधीचं कळलंय, मी पैज लावतो.

माझी मासेमारी ८४वर थांबलीय. तिकडं फिरकत नाही असं लिहिलं असतं, पण परवाच फिरकलो होतो.

प्रश्न : दादा, मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दोन रुनस्केप का आहेत? जुनी माणसं सारखी "२००७, २००७" करतात. मी तेव्हा बालवाडीत होते. आणि या खेळावर सगळ्यात जास्त चिडलेले लोक म्हणजे तो रोज खेळणारेच. मग खेळतात कशाला?

उत्तर : चिडायला कारण घडलंय. सोनं खेळात पिकवायचं आणि खऱ्या पैशात विकायचं, असा धंदा तेव्हा बोकाळला होता. तो मोडायला कंपनीनं डिसेंबर २००७मध्ये खेळातल्या रानात खेळाडूंच्या आपसात चालायच्या त्या मोकळ्या मारामाऱ्या काढल्या आणि लगेच जानेवारीत फुकट देणंघेणं बांधून टाकलं. घेतलेल्या आणि दिलेल्या मालाची किंमत जवळजवळ सारखीच पाहिजे. वर मी अर्धापूरच्या मित्राचं लिहिलं ना, त्यानं दिलेलं चिलखत? चारच महिन्यांनी ते देताच आलं नसतं. चोर धरायला म्हणून गावाची सगळी दारं बाहेरून कडी लावून बंद करावीत, तसं झालं. फेब्रुवारी २०११मध्ये दोन्ही परत आणलं, तोवर पुष्कळ पोरं नोकरीला लागली होती.

मग नोव्हेंबर २०१२ला लढाईची पद्धतच बदलली, नवी बटणं, नवे डाव. उरलेलेही रागावून निघाले. कंपनीकडं ऑगस्ट २००७मधली खेळाची एक जुनी प्रत जपलेली होती. ती परत चालू करू का, असं मत घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ला तोच जुना खेळ ओल्ड स्कूल म्हणून उघडला. नवा नव्याच्या जागी चालूच राहिला. म्हणून दोन. "२००७" म्हणतात ते या प्रतीवरून.

ओल्ड स्कूलमध्ये मोठं काही नवं आणायचं तर खेळाडूंचं मत घेतात. आधी होकार ७५ टक्के लागायचा, आता ७०. आपल्याकडं ग्रामपंचायतीचा सरपंचही एवढ्यानं निवडून येत नाही. तुला जी चिडचिड दिसते ती निम्मी प्रचाराची आहे गं. त्यांनी हट्ट धरला म्हणून एक अख्खा खेळ उकरून काढावा लागला, आता ते गप्प कशाला बसतील?

ग्रँड एक्सचेंजचंच बघ. तो म्हणजे आपला मोंढा, भाव लावून माल टाकायचा, गिऱ्हाईक आपोआप मिळतं. जुन्या प्रतीत तो नव्हता, कारण तो आला नोव्हेंबर २००७ला. मग २०१५मध्ये मतदान घेऊन तिथंही आणला. त्याआधी माणसं एका जागी उभी राहून ओरडून विकायची. मला विचारशील तर ते ओरडणंच बरं होतं, ओळखी तरी व्हायच्या. डिसेंबर २०२१पासून तर विक्रीवर टक्काही कापायला लागले. म्हणजे आडत आलीच.

सोन्याचा धंदा काही मोडला नाही. २०१७च्या सुमारास व्हेनेझुएलात चलन कोसळलं, तेव्हा तिथली माणसं हिरवे ड्रॅगन मारून मिळालेलं सोनं विकायची आणि त्यावर घर चालवायची. बाकीचे खेळाडू त्यांच्यावर चिडायचे, रानात गाठून मारायचे. हे वाचल्यापासून मला त्या किनारवाल्याचाही पहिल्याइतका राग येत नाही. तरी चिलखत आठवतंच.

प्रश्न : भाऊ, आमची औसा तालुक्यात शेती आहे. मुलगा लातूरला नीटच्या शिकवणीला आहे, खोली करून एकटा राहतो. गेल्या रविवारी डबा घेऊन गेले तर मोबाईलवर एक बाहुला झाड तोडायला लागलेला आणि हा पुस्तक उघडं ठेवून तिकडं बघत बसलेला. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, गेम आहे. अहो, बांधावर बाभळी माजल्यात, त्या तोड म्हटलं तर याला ऊन लागतं. लाकडं तोडण्यात कसला आलाय गेम? मोबाईल काढून घेऊ का?

उत्तर : ताई, बाभळीचं वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

तुम्ही बघितला तो हाच खेळ. २०१८च्या ऑक्टोबरपासून तो मोबाईलवर आलाय. झाडाला एकदा बोट लावलं की बाहुला आपला तोडत राहतो, पोराला मधूनमधून नुसतं बघावं लागतं. म्हणून अभ्यास करणारी पोरं तो बाजूला लावून ठेवतात. "दोन्ही होतं" असं तो म्हणेल. अर्धं खरं आहे. बाहुला थांबला की धडाही थांबतो, हे मी स्वतःच्या तीन राहिलेल्या विषयांवरून सांगतोय.

पण मोबाईल काढून घेऊ नका. शिकवणीचे व्हिडिओ, टेस्ट, सगळं त्यातच असतं, आणि रात्री तुम्ही फोन कशावर करणार? दुसरं म्हणजे, त्या खोलीत त्याला दिवसभर जे आकडे कळतात ते सगळे टेस्टचे, कधी वर, कधी खाली. या खेळातला आकडा खाली येत नाही. दहा झाडं तोडली की दहा झाडांचे गुण जमा, कुणी परत घेत नाही. मी असतो तर मलाही तिकडंच बघत बसावंसं वाटलं असतं. परीक्षा होईपर्यंत रात्री जेवताना अर्धा तास, असं ठरवून घ्या. ठरवताना त्याला बोलू द्या. तो पाऊण तास मागेल.

पुढच्या रविवारी गेलात की बाभळीचं काढू नका. विचारा, "लाकूडतोड कितीवर आली रे?" तो चमकून मान वर करील आणि आकडा सांगील. मग विचारून घ्या, डब्यातली भाजी कोणत्या दिवशी टाकून दिली.