बेसमेंट फिनिश करताना बॉयलरचे पाईप वर घ्यायचे आहेत. तोवर घराची हीट चालू कशी ठेवू?

न्यू जर्सीतलं जुनं दुमजली घर, गॅसचा बॉयलर, जॉइस्टखाली (छताला आधार देणाऱ्या आडव्या लाकडी तुळयांखाली) लोंबणारे पाऊण इंची तांब्याचे पाईप आणि तोंडावर आलेली थंडी, असं तुम्ही लिहिलंय. तर नवी लाइन पूर्ण बांधून झाल्याशिवाय जुनी तोडू नका. मग जोडणीपुरती एका दिवसाची हीट जाईल, आठवड्याची नाही.

त्याआधी प्रत्येक पाईप कुठून कुठे जातो ते खडूने त्याच्यावरच लिहा. एकच जाड पाईप बेसमेंटभर फिरून बॉयलरला परत येत असेल आणि त्यातून प्रत्येक रेडिएटरकडे दोन फाटे वर जात असतील, तर ती मोनोफ्लो पद्धत. तिथले टी (तीन तोंडांचे जोड) साधे नसतात, त्यांच्या जागी साधे टी बसवले की वरचे रेडिएटर गार पडतात.

नवी लाइन जॉइस्टमधून नेताना भोक जॉइस्टच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून 2 इंच आत हवं. पाऊण इंची पाईपचा बाहेरचा व्यास 7/8 इंच असतो, तरी भोक सव्वा इंचाचं ठेवा. 40 फूट तांबं 70 वरून 180 फॅरनहाइटला गेलं की सुमारे अर्धा इंच वाढतं. भोक घट्ट असेल तर रात्रभर टकटक ऐकू येते. पेक्स (प्लास्टिकचा लवचीक पाईप) वापरणार असाल तर ऑक्सिजन बॅरिअरवालाच घ्या. साध्या पेक्समधून ऑक्सिजन आत झिरपतो आणि ओतीव लोखंडाचा बॉयलर गंजतो.

जोडणीच्या दिवशी बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद करा, मग पाणी काढा. गरम ओतीव बॉयलरमध्ये गार पाणी शिरलं तर तो तडकू शकतो. पाईपमध्ये थोडं जरी पाणी उरलं तरी सोल्डर नीट धरत नाही. प्रत्येक झोनच्या (घराच्या वेगळ्या तापवल्या जाणाऱ्या भागाच्या) जाण्या-येण्याच्या दोन्ही लाइनींवर बॉल व्हॉल्व्ह आणि परतीच्या लाइनवर ड्रेन आत्ताच बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी घरभराचं पाणी काढावं लागणार नाही. भरताना एकेक झोन उघडून ड्रेनला होज लावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी सोडा. दाब 25 पीएसआयच्या खाली ठेवा, कारण जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह 30 ला उघडतो. शेवटी थंड अवस्थेत दुमजली घराला 12 पीएसआय पुरतो. नव्या लाइनीत कुठे उंचवटा आलाच, तर तिथे हवा काढायचा व्हॉल्व्ह आणि छतात झाकण ठेवा. अंघोळीचं पाणीही याच बॉयलरवर असेल तर त्या दिवशी तेही मिळणार नाही.

यापेक्षा मोठा धोका बॉयलरभोवती भिंत घालण्यात आहे. बॉयलर जळणासाठी खोलीतलीच हवा घेत असेल तर दर 1,000 बीटीयूला (बॉयलरच्या तासाच्या उष्णतेचं माप) 50 घनफूट जागा लागते, म्हणजे 1,00,000 बीटीयूला 5,000 घनफूट. गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल तर त्याचेही बीटीयू मिळवा. खोली छोटी होत असेल तर बाकीच्या बेसमेंटकडे दोन झरोके हवेत, एक छतापासून 12 इंचांत, दुसरा जमिनीपासून 12 इंचांत. प्रत्येकाची मोकळी जागा दर 1,000 बीटीयूला 1 चौरस इंच, पण 100 पेक्षा कमी नाही. लाकडी झडपांचं दार लावलं तर त्याची चौथा हिस्साच जागा मोकळी धरतात.

ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) घासताना बॉयलर बंदच ठेवा. ती भुकटी बर्नरमध्ये जाऊन ज्योत बिघडवते. धूळ काढायला बाहेर फेकणारा पंखा लावलात तर तो चिमणीतला धूर उलटा घरात खेचू शकतो, म्हणून पंखा बंद करून हवा निवली की मगच बॉयलर पेटवा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कामाच्या पहिल्या दिवसापासून झोपायच्या खोल्यांबाहेर लावलेला हवा.