एवढी मोठी डिश कशाला? ऐकायला!

प्रश्न : विज्ञान दिनाला शाळेच्या ट्रिपमधून खोडदला जीएमआरटी बघितलं. त्या डिशमधून आपण मंगळावरच्या यानाशी बोलतो का? आणि त्या पत्र्याच्या का नाहीत, नुसत्या जाळीच्या का?
— आठवीतला वाचक, जुन्नर तालुका

बाळा, जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे, ती बोलत नाही, फक्त ऐकते. ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, मधल्या भागात १४ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर गावांमधून पसरलेल्या, आणि सगळ्या मिळून तारे, आकाशगंगा, पल्सार (भराभर फिरणारे मृत तारे) यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. यानाला कमांड पाठवणारा ट्रान्समीटर तिथे नाहीच.

जाळीचं म्हणशील तर मीपण पहिल्यांदा गेलो तेव्हा डिशखाली उभं राहून वर बघितलं होतं आणि जाळीतून चक्क ढग दिसत होते! वाटलं, ढग दिसतायत म्हणजे सिग्नलपण आरपार जात असणार. पण लहरीची लांबी भोकापेक्षा खूप मोठी असली तर तिच्यासाठी ती जाळी म्हणजे आरसाच. जीएमआरटी ज्या लहरी ऐकते त्यातल्या सगळ्यात आखूड लहरी वीसेक सेंटीमीटरच्या आणि भोकं एक ते दोन सेंटीमीटरची. तार तर अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. त्यामुळे वारा आरपार निघून जातो, वजन कमी आणि खर्चही कमी. जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमची ही कल्पना, आणि ती बघताना मला अजूनही अभिमान वाटतो.

पण मंगळाचा संबंध अगदीच नाही असं नाही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा रेडिओ पृथ्वीशी बोलायला बनवलेलाच नव्हता, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलायला होता. लहरीची लांबी साधारण ७५ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर आपल्या जाळीच्या डिशच्या टप्प्यातली, मग काय, खोडदच्या डिश तिकडे वळवल्या आणि कोट्यवधी किलोमीटरवरचा तो बारीक आवाज इथे ऐकू आला. उतरायच्या थोडं आधी तो बंद पडला. यान आदळलं होतं, आणि काहीतरी बिनसलंय याची पहिली चाहूल युरोपातल्या लोकांना आपल्या जुन्नर तालुक्यातून लागली.

प्रश्न : आमच्या गच्चीवरची टीव्हीची डिश दोन फुटांची आहे आणि मस्त चालते. मग यानांसाठी ३२ मीटर, ७० मीटर असले डोंगर कशाला उभे करायचे? यानातच जास्त पॉवरचा ट्रान्समीटर का बसवत नाहीत?
— गृहिणी, कोथरूड

ताई, टीव्हीचा सॅटेलाइट ३६ हजार किमीवर आहे. नासाचं व्हॉयेजर २ हे यान दोन हजार कोटी किमीच्या पुढे गेलंय, म्हणजे साडेपाच लाख पट लांब. आणि अंतर दुप्पट झालं की सिग्नल अर्धा होत नाही, पाव होतो, त्या हिशोबाने इथे तो तीस हजार कोटी पटीने पातळ होऊन पोचतो. यानात पॉवर वाढवायची तर ती आणायची कुठून? व्हॉयेजरचा ट्रान्समीटर जेमतेम २३ वॉटचा, म्हणजे फ्रिजमधल्या बल्बएवढा, आणि आता तर वीज वाचवायला त्यातली एकेक उपकरणं बंद करत आणली आहेत. तिकडून जोरात बोलणं शक्य नाही म्हणून आपण इकडे कान मोठा करायचा. मोठी डिश म्हटलं की लोकांना वाटतं लांबवर ओरडायला असेल. पाठवायला ती लागतेच, पण खरी लागते ती ऐकायला.

७० मीटरच्या डिशचं तोंड जवळजवळ एकरभर असतं, तुमच्या गच्चीवरच्या डिशच्या तेरा हजार पटींहून जास्त. त्यावर पडलेलं सगळं एका बिंदूपाशी गोळा करायचं, आणि तिथला सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर उणे २५० अंशांच्याही खाली गार ठेवायचा, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उष्णतेच्या खरखरीतच सिग्नल बुडून जाईल. एवढं करून व्हॉयेजरकडून सेकंदाला १६० बिट येतात. व्हॉट्सअॅपवरचा २०० केबीचा एक फोटो त्या वेगाने यायला पावणेतीन तास लागतील!

प्रश्न : बंगळुरूजवळ आपली स्वतःची मोठी डिश आहे ना, तरी प्रत्येक मोहिमेत नासाची, युरोपची मदत का घेतो? जरा कमीपणा वाटतो.
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

सर, कमीपणा अजिबात नाही. बंगळुरूजवळच्या ब्यालालूची ३२ मीटरची डिश २००८ मध्ये चांद्रयान-१ साठी उभी राहिली, आपल्याच देशात बांधलेली, आजूबाजूला टेकड्या आहेत त्यामुळे शहराचा रेडिओ गोंगाट अडतो. पण पृथ्वी फिरते हो, चंद्र मावळला की ब्यालालूला तो दिसणारच नाही, तेवढ्या वेळेपुरती दुसऱ्या देशातली डिश लागते. म्हणून नासानेसुद्धा कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिदजवळ आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ अशी साधारण १२० अंशांवर तीन ठाणी ठेवली आहेत. एकाकडून यान मावळायच्या आत ते दुसऱ्याकडे उगवलेलं असतं.

प्रश्न : आणि अशी एखादी डिश बंद पडली तर?
— इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

हे खरंच झालंय, फक्त बंद पडली नाही, मुद्दाम बंद ठेवली. १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून जाताना व्हॉयेजर २ त्याचा चंद्र ट्रायटन बघायला असं वळलं की ते दक्षिणेकडेच निघून गेलं, उत्तर गोलार्धातून दिसेनासंच झालं, त्यामुळे त्याला कमांड पाठवू शकणारी जगात एकच डिश उरली, कॅनबेराची ७० मीटरवाली. मार्च २०२० मध्ये ती दुरुस्तीला काढली. जवळपास अकरा महिने! तिथल्याच ३४ मीटरच्या डिश एकत्र जोडून यानाचं ऐकणं चालू ठेवलं, पण त्याला काही सांगायची सोय नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी चाचणी म्हणून काही कमांड पाठवल्या आणि यानाने त्या पाळल्या.

मग जुलै २०२३ मध्ये पृथ्वीवरूनच एक चुकीची कमांड गेली आणि यानाची अँटेना फक्त दोन अंशांनी पृथ्वीपासून वळली. दोनच अंश, पण संपर्क तुटला. तेव्हा याच डिशमधून यानाच्या दिशेने पूर्ण ताकदीने, अक्षरशः ओरडल्यासारखी, परत फिरायची कमांड सोडली. जायला साडेअठरा तास, उत्तर यायला साडेअठरा. तिथली माणसं ३७ तास थांबली, आणि ४ ऑगस्टला डेटा परत यायला लागला.