झिलाक सांगू नको हां

"ऑनलाइन पैसे गेले. घरी कसं सांगू? आणि सांगितलं तर माझ्या हातातला फोन काढून घेतील का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं हल्ली हा प्रश्न वारंवार विचारतात. बऱ्याचदा तो पहिल्या भेटीत येतच नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जीव घाबरतो, अशा तक्रारींमागे तो दडलेला असतो.

रेखाकाकी तशाच आल्या होत्या. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) तारकर्लीच्या बाजूला त्यांचं घर. नवरा वारल्यावर त्यांनी घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. हाताला चव आहे, त्यामुळे जेवणाचंही नाव झालं. मुलगा मुंबईत नोकरीला. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरकडे गेल्या, ईसीजी नीट निघाला, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. बोलता बोलता पिशवीतला फोन वाजला आणि त्या दचकल्या. नंबर पाहिला, आवाज बंद केला, फोन पुन्हा पिशवीत तळाशी घातला.

"कोणाचो फोन, काकी?"

त्यावर रडूच फुटलं. मग पहिलं वाक्य आलं ते हे: "झिलाक सांगू नको हां." म्हणजे, मुलाला सांगू नको.

झालं होतं असं. एका सकाळी फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता. आपण लष्करात आहोत, बारा जवान चार दिवसांसाठी येणार आहेत, तिन्ही खोल्या हव्यात, असं म्हणाला. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आलं. भाडं सांगितलं, त्याने घासाघीस केली नाही. "ॲडव्हान्स लगेच पाठवतो, पण आमचे पैसे सैन्याच्या खात्यातून येतात, त्याची पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही एक रुपया पाठवा, दोन परत येतील." काकींनी एक रुपया पाठवला. दोन आले. मग अठरा हजारांचा क्यूआर कोड आला. तो स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पिन टाकला आणि अठरा हजार गेले. "मॅडम, उलटं झालं वाटतं. परत स्कॅन करा, दोन्ही मिळून छत्तीस येतील." पुन्हा अठरा गेले. तिसऱ्यांदा बारा. एकूण ४८ हजार. हे सगळं होईपर्यंत फोन चालूच होता. "लाइन कट करू नका, साहेब लाइनवर आहेत," असं तो सतत बजावत होता, आणि मध्येच दुसराच कोणी दरडावून बोलत होता.

"लष्करातलो माणूस, तो कित्याक फसवतलो?" असं त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने: "पिन मियाच घातलंय मां. मगे चोर कोण?"

हा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. घरफोडी झाली तर माणूस आरडाओरडा करतो, शेजारी गोळा होतात. इथे पैसे स्वतःच्या बोटाने गेलेले असतात, म्हणून माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवून गप्प बसतो. कायदा तसं मानत नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन मोबाइल किंवा संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी काकींना कलमासकट सांगितलं. काही माणसांना धीराच्या चार शब्दांपेक्षा असा लेखी आधार जास्त पोचतो.

मग आम्ही एक कागद घेतला. डाव्या बाजूला तो काय बोलला ते लिहिलं, उजव्या बाजूला त्या वेळी काकींना काय वाटलं ते. आठवायला त्यांना त्रास झाला, पण मी आग्रह धरला. 'सैन्य' या शब्दासमोर काकींनी 'मान' लिहिलं. एकाचे दोन आले, तिथे 'खरो माणूस'. पहिले अठरा हजार गेले, तिथे बराच वेळ पेन थांबलं आणि मग 'भीती' हा शब्द आला. तिथून पुढचे तीस हजार त्यांनी गेलेले अठरा परत आणायला घातले होते, हे कागदावरच दिसलं. हाव कुठेच नव्हती. घामाचा पैसा हातातून निसटताना पाहिला की माणूस त्याच्या मागे धावतोच, आणि असा माणूस मागे कुठवर येतो याचा अंदाज समोरच्याला चांगला असतो.

आणखी एक गोष्ट काकींना स्वतःलाच दिसली. खरा पाहुणा फोन करतो तेव्हा काय विचारतो? समुद्र किती लांब, गाडी लावायला जागा आहे का, स्कूबाचं कोण बघतं, जेवणात सुरमई मिळेल का. या माणसाने जेवणाची चौकशीच केली नाही. बारा जवान चार दिवस राहणार आणि खाणार काय, हा विषय निघालाच नाही. ते म्हणताना काकींचा आवाज पहिल्यांदा जरा चढला.

आता मला जास्त काळजी वाटते त्या भागाकडे येते. पैसे गेले त्या दिवशी काकींनी कुणालाही सांगितलं नाही. शेजारी पुतणी राहते, तिलाही नाही. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी फोनवर बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधला. वर आला तो नंबर लावला. तो बँकेचा नव्हताच. "पैसे परत मिळतील" म्हणत त्या माणसाने एक ॲप डाउनलोड करायला लावलं. त्यातून काकींच्या फोनचा पडदा त्याला दिसत होता. खात्यात उरलेले नऊ हजारही गेले. दिवसा, पुतणी जवळ असताना हा फोन झाला असता तर? तिने निदान पासबुकावरचा नंबर पाहिला असता.

"घरच्यांना सांगू नका" ही त्या लोकांना सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट आहे. काही जण ती तोंडाने सांगतात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांना व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातल्या माणसाने सांगितलं होतं की तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, खोलीबाहेर जायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. गुरुजी वाचले, कारण चहा घेऊन बायको दार ढकलून आत आली. आणि जिथे गप्प राहायला कोणी सांगत नाही, तिथे नंतर लाज ते काम करते.

तरुणही यातून सुटत नाहीत. आपल्याकडे बोटीवर नोकरीला जायची परंपरा आहे, त्यामुळे एका मुलाला परदेशी जहाज कंपनीच्या नावाने ईमेल आला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. ऑफर लेटरवर शिक्का, सही, डॉलरमधला पगार. मेलचा पत्ता मात्र कोणालाही फुकट उघडता येतो तसला होता. मेडिकल, व्हिसा, सीट पक्की करायचे, असे पैसे टप्प्याटप्प्याने गेले. खलाशांची भरती करणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा, परवाना लागतो, त्याची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला परवानगी नाही. हे कळलं असतं तर पहिल्याच मागणीला तो थांबला असता. पेढे वाटून झाले होते, म्हणून तोही महिनाभर गप्प राहिला.

काकींच्या परवानगीने मी त्यांच्या मुलाशी आधी एकटी बोलले. तो चिडला. "किती वेळा सांगितलंय, अनोळखी फोन घेऊ नको म्हणून!" मी त्याला विचारलं, होमस्टे चालवणाऱ्या बाईने अनोळखी फोन घ्यायचे नाहीत, तर खोल्या कोणाला द्यायच्या? हापूसच्या पेट्या विकणारा, पर्यटकांना बोटीतून फिरवणारा, सगळ्यांचा धंदा अनोळखी फोनवरच चालतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हा सल्ला देऊन काय उपयोग? मग मी म्हटलं, आईला फुरसं चावलं असतं तर आधी दवाखान्यात नेलं असतंस ना? तिथे हात का घातलास, हे नंतर विचारलं असतंस. तो थांबला. थोड्या वेळाने स्पीकरवर आईशी बोलला तेव्हा म्हणाला, "आये, जेवलंस काय?" पैशांचा विषय त्यानंतर निघाला.

तक्रार उशिरा झाली. पैसे गेल्या गेल्या १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावला तर पुढच्या खात्यात रक्कम रोखून धरता येते, कारण चोर ती एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो आणि पहिले काही तास फार मोलाचे असतात. तरीही आम्ही १९३० ला फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे पहिल्याच दिवशी बँकेला कळवलं असतं, तर रात्रीच्या नऊ हजारांसाठी बँकेपुढे उभं राहायला काकींकडे जागा होती. एका खात्यात थोडी रक्कम अडकलेली सापडली. ती सुटायला वेळ लागतो. मोठी रक्कम परत येईल अशी आशा मी त्यांना दाखवली नाही.

पुढच्या भेटींत आम्ही काकींच्या रोजच्या कामाला धरून काही गोष्टी ठरवल्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून बुकिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. बुकिंगसाठी वेगळं खातं काढलं. त्यात साठत जाणारी रक्कम दर शनिवारी दुसऱ्या खात्यात जाते, आणि त्या दुसऱ्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. 'आज रात्री ९.३० ला लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला तर तो महावितरणचा नाही. लग्नपत्रिका, गाडीचा दंड, सरकारी योजना, कुठल्याही नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही, कारण ती फोनमधले ओटीपी परस्पर पळवू शकते.

आणि घाई करणारा कोणताही फोन आला की लाइन आपण कापायची आणि पुतणीला हाक मारायची. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण दरडावून बोलणाऱ्या माणसाचा फोन मध्येच ठेवणं काकींना उद्धटपणाचं वाटत होतं. मी तो माणूस झाले, त्यांनी फोन ठेवला. पहिल्यांदा त्यांनी माझी माफी मागून ठेवला. असं बऱ्याचदा केल्यावर बोट न अडखळता लाल बटणावर जाऊ लागलं.

मुलाने फोन काढून घेतला नाही. खोल्या पुन्हा सुरू झाल्या. धडधड एकदम गेली नाही, पण झोप परतली. काही महिन्यांनी काकींनी बचत गटाच्या बैठकीत हे सगळं स्वतःहून सांगितलं, रकमेसकट. त्यावर मागे बसलेल्या एकीने हळूच विचारलं, काल दुपारी माझेही गेले, आता काय करू? काकींनी तिथेच तिच्या फोनवरून १९३० लावला आणि तिला घेऊन बँक बंद व्हायच्या आत पोचल्या.