हाताने छापलेली लिनोकट चित्रं (लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेली) विकायला पुण्यात कोणतं प्रदर्शन निवडावं?
स्टॉल घेण्याआधी तिथे एकदा गिऱ्हाईक म्हणून फिरा आणि लोकांच्या हातातल्या पिशव्या बघा. भीमथडी जत्रेला गर्दी प्रचंड, पण बहुतेक जण खायला आणि घरगुती वस्तू घ्यायला येतात; तिथे पोस्टकार्डाएवढे स्वस्त प्रिंटच न्यावेत. क्रमांक घातलेल्या, म्हणजे मोजक्याच प्रती काढलेल्या मोठ्या प्रिंटसाठी बालगंधर्व कलादालन बरं, तिथे माणूस चित्रंच बघायला येतो.

भाड्याचा हिशेब आधीच मांडा. समजा भाडं ६,००० रुपये आणि कागद-शाई वजा जाता एका प्रिंटमागे ३०० सुटतात. म्हणजे पहिले २० प्रिंट भाड्यातच गेले! आणि डिजिटल पोस्टरचे स्टॉल असणार का, हे आयोजकांना आवर्जून विचारा. शेजारी शंभराचं पोस्टर असलं की हातछपाईची किंमत समजावण्यातच दिवस जातो. कोरलेला ठोकळा मात्र सोबत ठेवाच; तो दाखवला की हातछपाई म्हणजे काय ते समजावणं सोपं जातं.